हॉब साफ करून पंधरा दिवसांत पुन्हा पिवळा जळतोय? आधी खालची ट्रॉली उघडून बघा

नवीन ओटा झाला, ट्रॉल्या बसल्या आणि आमची जुनी दोन बर्नरची स्टीलची शेगडी जाऊन ओट्यात बसवलेला तीन बर्नरचा काचेचा हॉब आला. पहिले तीन आठवडे मजेत गेले. मग कुकरचं बूड काळं दिसायला लागलं. आधी वाटलं, भांडी घासणाऱ्या मावशींचा हात हलका पडतोय. एका संध्याकाळी लाइट गेली आणि अंधारात ज्योत पहिल्यांदा नीट दिसली. मेणबत्तीसारखी पिवळी, लांब, टोकाशी डुलणारी. निळा रंग फक्त मुळाशी, तोही फिकट.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने बर्नर काढले, तारेच्या ब्रशने घासले, जेटमध्ये, म्हणजे गॅस सुटायच्या पितळी तोटीत, पिन घातली, सगळं परत बसवून पेटवून दाखवलं. निळीशार ज्योत. पंधरा दिवसांत पुन्हा काजळी. वर्षभरात हा खेळ चार वेळा झाला आणि दर वेळी निदान नवीन. पहिल्यांदा बर्नरमध्ये घाण. दुसऱ्यांदा, "वहिनी, या टाकीत गॅसच खराब भरलाय." तिसऱ्यांदा रेग्युलेटर. चौथ्यांदा त्याने हातच टेकले आणि हॉब बदलायचा सल्ला दिला. सल्ला देताना नव्या हॉबचं माहितीपत्रक त्याच्या बॅगेत तयार होतं, हे मला जरा जास्तच सोयीचं वाटलं.

रोग शोधला सासूबाईंनी. दिवाळीत चकल्या तळत होत्या. झारा, चिमटा, उलथनं सगळं हॉबखालच्या ट्रॉलीत असतं, म्हणून ती त्यांनी अर्धी बाहेर ओढून ठेवली होती. मी येता-जाता दोनदा पायाने ढकलून बंद केली. तिसऱ्यांदा त्या वैतागल्या. "अगं, राहू दे उघडी. ती उघडी असली की गॅस सरळ जळतो. बंद केलीस की याचे नखरे सुरू."

मी हसून सोडून दिलं. रात्री भांडी आवरल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली, चिमणी बंद केली, दिवा मालवला, दोन मोठे बर्नर लावून वर पाण्याची पातेली ठेवली आणि हॉबखालची ट्रॉली घट्ट बंद केली. सुरुवातीला ज्योत निळी होती. सात-आठ मिनिटांनी टोकं पिवळी व्हायला लागली, दहाव्या मिनिटाला अर्ध्याहून जास्त ज्योत पिवळी. मग ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली आणि मनात आकडे मोजले. पंधरा म्हणेपर्यंत पिवळेपणा मुळाकडून वर सरकत गेला, पंचवीसला ज्योत निळी. पुन्हा बंद केली, पुन्हा पिवळी. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

हे का होतं

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. ते पूर्ण जळायला हवा भरपूर लागते, एका भागाला साधारण पंचवीस ते तीस भाग. त्यातली काही हवा ज्योतीच्या भोवतालून मिळते, पण काही आधीच गॅसमध्ये मिसळावी लागते. जेटच्या बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो आणि बर्नरच्या नळीत शिरताना आजूबाजूची हवा ओढून घेतो. या पहिल्या हवेवरच ज्योतीचा निळेपणा बराच अवलंबून असतो. ती कमी पडली की कार्बनचे कण न जळता तापून पिवळे चमकतात आणि पातेल्याच्या बुडावर काजळी होऊन बसतात.

ओट्यावर ठेवलेल्या जुन्या शेगडीला पाय असायचे. तिच्या खालून, मागून, चारही बाजूंनी हवा मोकळी. हॉब ग्रॅनाइट कापून आत बसवलेला असतो, त्याचं पोट ओट्याखालच्या कपाटात. आमच्यासारख्या बऱ्याच हॉबमध्ये जेट आणि मिश्रणनळ्या काचेखाली असतात आणि पहिली हवा त्या कपाटातून घेतात. (काही हॉब ती काचेच्या वरून घेतात. तुमचा कुठल्या जातीचा आहे ते सोबतच्या पुस्तिकेत असतं.)

आता ते कपाट आठवा. पूर्वीच्या ट्रॉल्या स्टीलच्या तारांच्या, शटरमध्ये बोटभर फटी, मागे नुसती भिंत. आताच्या टँडम ड्रॉवरला चारही बाजूंनी भिंती, शटर ग्रॅनाइटला चिकटून, खाली जमिनीलगतची स्कर्टिंगची पट्टी सिलिकॉनने बंद. झुरळ शिरू नये म्हणून केलेली ही नाकेबंदी हवेलाही आत सोडत नाही. वर तीन बर्नर पेटलेले, खाली डब्यात कोंडलेली गरम हवा. थोड्या वेळाने पिवळी ज्योत येणारच.

मग साफसफाई केल्यावर चार वेळा ज्योत निळी कशी झाली? हे कळलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला. मेकॅनिक काम करायचा तेव्हा ट्रॉली काढून बाजूला ठेवलेली असायची आणि तो एकच बर्नर मिनिटभर पेटवून दाखवायचा. म्हणजे चाचणी उघड्या कपाटावर व्हायची आणि स्वयंपाक बंद कपाटावर. तो गेला की आम्ही ट्रॉली लावायचो, डबे भरायचो आणि संध्याकाळी तीन बर्नरवर भात, आमटी, पोळ्या.

त्यात त्याच्या पिनेने अजून एक नुकसान केलं होतं. पितळ मऊ असतं आणि जेटचं भोक मिलिमीटरहून बारीक. पोलादी पिन दर वेळी फिरवली की भोक मोठं आणि वेडंवाकडं होत जातं. गॅस जास्त सुटतो, झोत तिरपा जातो आणि हवा आणखी अपुरी पडते. आमचे मोठ्या बर्नरचे दोन जेट बदलावे लागले. जेट तुंबलाच असेल तर काढून कोमट साबणपाण्यात टाका, फुंकर मारा, फार तर नायलॉनचा केस फिरवा. सुई, टाचणी, दाभण नको.

आम्ही काय केलं

सुताराला बोलावलं. त्याची पहिली प्रतिक्रिया, "जाळी लावली तर झुरळं येतील, बघा." खरं आहे, आणि बारीक जाळी लावली तर ती तेलकटपणाने महिन्या-दोन महिन्यांत बुजते. शेवटी मधला मार्ग काढला. हॉबखालच्या भागातली स्कर्टिंगची पट्टी काढून ॲल्युमिनियमची फटींची पट्टी बसवली, ती नुसती दाबून लावलेली आहे, दर महिन्याला काढून धुता येते. सिंकच्या बाजूच्या कपाटाच्या पार्टिशनला वरच्या अंगाला जाळीची दोन भोकं पाडली. ड्रॉवरची पाठ तीन इंच पुढे आणली, त्यामुळे मागे हवेला वाट झाली. किती जागा मोकळी हवी याचं माप हॉबच्या पुस्तिकेत बसवणुकीच्या चित्रासोबत दिलेलं असतं. आमच्याही पुस्तिकेत होतं. ती आम्ही वॉरंटी कार्डासकट माळ्यावर टाकली होती.

एक गोष्ट सुताराला आधीच सांगून ठेवा. टाकी शेजारच्याच कपाटात असेल तर त्या बाजूच्या पार्टिशनला भोक पाडायचं नाही. टाकीच्या कपाटाला त्याची स्वतःची भोकं हवीत, जमिनीलगत आणि वरच्या बाजूलाही. हा गॅस हवेपेक्षा जवळपास दुप्पट जड असतो, गळला तर पाण्यासारखा खाली साचतो, म्हणून जमिनीलगतचं भोक सोडून चालत नाही. आमच्या टाकीच्या कपाटाला एकही भोक नव्हतं, आणि आत वॉटर प्युरिफायरचा सॉकेट होता. सॉकेट बाहेर काढला. ट्रॉल्या करून घेताना रंग, हँडल, सॉफ्ट क्लोज यावर आम्ही तीन रविवार घालवले होते. टाकीच्या कपाटात सॉकेट आहे याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही, इलेक्ट्रिशियनचंही नाही.

ड्रॉवर काढला तेव्हा दिसलेली गोष्ट मात्र काळजाचा ठोका चुकवणारी होती. नारिंगी नळी हॉबच्या एल्बोकडे (नळी जोडायच्या वाकड्या तोंडाकडे) वळते त्या जागी ड्रॉवरची पाठ दर वेळी तिला घासत होती. बोटभर लांबीत नारिंगी थर गेलेला, आतली तारेची जाळी चमकत होती. पिवळ्या ज्योतीने भांडी काळी केली नसती तर तो ड्रॉवर आम्ही काढलाच नसता. त्याच दिवशी नळी बदलली आणि नवी ड्रॉवरच्या वाटेत येणार नाही अशी बाजूच्या भिंतीलगत नेली.

नळीबद्दल थोडं जास्त

नळी म्हणजे गॅस एजन्सीची सुरक्षा होज, नारिंगी, आयएसआय खुणेची, मानक आयएस ९५७३. तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी बदलायची, वरून कितीही धडधाकट दिसली तरी. लांबी दीड मीटरच्या आत. मध्ये जोड नको, भिंतीत गाडलेली नको, टाइलमागे लपवलेली नको, कारण जी नळी दिसत नाही ती तपासली जात नाही.

ग्रॅनाइटला भोक पाडून नळी वर आणली असेल तर त्या भोकाच्या कडेवर बोट फिरवून बघा. कापलेल्या ग्रॅनाइटची कडा सुरीसारखी असते. तिथे रबराची रिंग बसवा. हॉबच्या तळाला नळी टेकता कामा नये, तो तळ चांगलाच तापतो.

आमच्याकडे बऱ्याच फ्लॅटमध्ये टाक्या ड्राय बाल्कनीत ठेवतात. कल्पना चांगली, पण मग दीड मीटरची नळी हॉबपर्यंत पोचत नाही आणि कुणीतरी पितळेचा जोड घालून दोन नळ्या एकत्र करतो. तसं करू नका. भिंतीतून जायचं असेल तर एजन्सीच्या माणसाकडून धातूची पाईप टाकून घ्या, दोन्ही टोकांना बंद करायचे कॉक लावून, आणि रबरी नळी फक्त शेवटच्या टप्प्यात. टाकी नेहमी उभी आणि शेगडीच्या पातळीच्या खाली. आडवी टाकी कधीच नाही, गॅस संपत आला म्हणून "थोडी आडवी करून बघू" हेही नाही. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव बाहेर येऊ शकतो आणि द्रवाचा एक लिटर म्हणजे साधारण अडीचशे लिटर वायू.

तुमच्याकडे दुखणं वेगळं असू शकतं

ट्रॉली उघडल्यावरही ज्योत पिवळीच राहिली तर कारण दुसरीकडे आहे. पहिला प्रश्न, पिवळी ज्योत एका बर्नरवर की सगळ्यांवर?

एकाच बर्नरवर असेल तर दोष त्या बर्नरचा. टोपी नीट बसली आहे का बघा. धुतल्यावर टोप्यांची अदलाबदल होते, आमच्या घरी दर आठवड्याला. टोपी किंचित तिरकी असली तरी एका अंगाने ज्योत लांब आणि पिवळी होते. ती ठीक असेल तर मिश्रणनळीत डोकवा. घर महिनाभर बंद असेल तर तिथे कोळी जाळं करतो. गावाहून परत आल्यावर एकच बर्नर बिघडल्याची तक्रार असते, ती बहुतेक वेळा याचीच.

सगळ्यांवर एकदम असेल तर हवा किंवा गॅस. टाकी संपत आली की शेवटच्या दोन-तीन दिवसांत ज्योत पिवळसर होते, कारण हलका प्रोपेन आधी उडून गेलेला असतो आणि मागे जड भाग उरतो. नवी टाकी लावल्यावर ते आपोआप थांबतं. त्यामुळे मेकॅनिकला फोन करण्याआधी टाकी कधी लावली होती ते आठवा.

पिवळी आणि नारिंगी यात गल्लत करू नका. निळ्या ज्योतीत मधूनच नारिंगी ठिणग्या उडत असतील तर ते मीठ, धूळ किंवा उतू गेलेल्या आमटीचे कण आहेत. भाताची पेज सांडली की अर्धा तास असं चालतं. काजळी धरत नसेल तर दुर्लक्ष करा.

ज्योत बर्नरपासून सुटून वर उचलली जाते, भर्रर्र आवाज येतो? दाब जास्त आहे. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाबाने गॅस सोडतो. काही दुकानांत फिरवायच्या चावीचे हाय प्रेशर रेग्युलेटर मिळतात, ते हॉटेलच्या भट्टीचे. "आच मोठी होते" म्हणून ते घरी लावणारे लोक मी पाहिले आहेत. घरच्या नळीला आणि कॉकला तो दाब सोसायचा नसतो. रेग्युलेटर एजन्सीचाच घ्या, जुना बिघडला तर तिथेच बदलून घ्या.

नॉब सोडला की ज्योत विझते? ही बहुतेक वेळा बिघाडाची नाही, सवयीची गोष्ट. हॉबमध्ये ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय असेल, तर बर्नरशेजारी बोराच्या काडीएवढं धातूचं टोक उभं दिसतं. ते तापल्याशिवाय कॉक उघडा राहत नाही, म्हणून पेटवल्यावर नॉब पाच-सात सेकंद दाबून धरायचा. धरूनही विझत असेल तर टोकावरचा तेलाचा थर पुसा. तरीही नाही तर तो भाग बदलावा लागतो. ही सोय त्रासदायक वाटते म्हणून काढून टाकणारे मेकॅनिक आहेत. त्यांना काढू देऊ नका. दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि तुम्ही देवघरात असलात तर त्या वेळी तेवढं एक टोकच जागं असतं.

आणि मंद आचेवरची ज्योत ट्रॉली जोरात बंद केल्यावर विझत असेल, तर आमच्याच आजाराची दुसरी बाजू आहे. बंद कपाटात ड्रॉवर पिस्टनसारखा आत जातो आणि हवेचा झोत हॉबच्या पोटातून बर्नरमध्ये येतो. उपाय तोच, हवेला दुसरी वाट.

पाईपचा गॅस आल्यावर

मुंबई-ठाण्यात महानगर गॅसची पाईप, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसची, आणि आता इतर शहरांतही सोसायट्यांमधून पिवळ्या पाईप चढतायत. हा गॅस मुख्यतः मिथेन. घरात तो २१ मिलिबारच्या आसपास दाबाने येतो आणि तेवढ्याच आकारमानात सिलिंडरच्या गॅसपेक्षा त्याची उष्णता निम्म्याहून कमी असते. म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. जोडणीच्या दिवशी कंपनीचा माणूस जेट बदलून देतो. हे त्याच्याकडूनच करून घ्या आणि काढलेले जुने जेट चिठ्ठी लावून डबीत ठेवा.

घोळ होतो तो घर बदलताना. पाईपच्या गॅसवर चालणारा हॉब उचलून सिलिंडरच्या गावी नेला आणि तसाच जोडला, तर मोठ्या भोकातून गॅस भरमसाट सुटतो. ज्योत हातभर, पिवळी, काजळीची. माझ्या बहिणीच्या घरी भाडेकरूने हे केलं होतं, छताला काळं वर्तुळ उमटलं होतं. उलट केलं, म्हणजे सिलिंडरचा हॉब पाईपच्या गॅसवर लावला, तर ज्योत मरतुकडी होते आणि पोळ्या वातड.

पाईपच्या गॅसवाल्यांना गळती तपासायची एक सोपी सोय आहे, ती म्हणजे मीटर. सगळे नॉब बंद करा, कॉक उघडा ठेवा, मीटरचे शेवटचे आकडे मोबाइलमध्ये टिपा. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतंय.

वास येत असेल तर

पिवळ्या ज्योतीसाठी दोन दिवस थांबता येतं. वासासाठी नाही.

तपासणी साबणाच्या पाण्यानेच. अर्धी वाटी पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना रंगाचा ब्रश. खिडकी उघडी, सगळे बर्नर विझलेले, नॉब बंद, रेग्युलेटर चालू. ब्रशने फेस लावायचा तो या क्रमाने: टाकीचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर जिथे बसतो ती जागा, रेग्युलेटरचं नळीचं टोक, नळीची पूर्ण लांबी, हॉबचा एल्बो. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर टक लावून बघा. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते, बारीक गळती हळूच एक फुगा धरते, फोडते, पुन्हा धरते. काडी पेटवून बघणारे आजोबा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे असतील. ते वाचले ते नशिबाने.

आम्हाला एकदा नवी टाकी लावल्यावर वास आला, तो व्हॉल्व्हमधली काळी रबरी रिंग नव्हती म्हणून. टाकी घेताना माणूस दारात असतानाच सील उघडून घ्या, रिंग आहे का बघा, त्यालाच तपासायला सांगा. टाकीच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. बी-२८ म्हणजे ती टाकी २०२८ च्या जूनपर्यंत पुढच्या चाचणीला जायला हवी. तारीख उलटलेली असेल तर टाकी परत करा.

घर वासाने भरलं असेल तर साबण-ब्रशचा विचारही करू नका. रेग्युलेटर बंद करून काढा, व्हॉल्व्हवर दोरीची प्लास्टिकची टोपी दाबून बसवा, दारं-खिडक्या उघडा, देवापुढची निरांजनं आणि उदबत्ती विझवा, माणसांना बाहेर काढा. कुठलंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, एक्झॉस्ट फॅन तर नाहीच. दारावरची बेलसुद्धा नाही. मेन स्विच घराबाहेर जिन्यात असेल तर तिथून बंद करा, कारण फ्रिज आपल्या मर्जीने चालू होतो. मग बाहेर जाऊन १९०६ ला फोन. गॅस सिलिंडरच्या गळतीसाठीचा हा नंबर चोवीस तास चालतो. पाईपच्या गॅसवाल्यांनी बिलावरचा आपत्कालीन नंबर आजच फ्रिजवर चिकटवावा.

पावसाळा आणि चिमणी

एवढं सगळं करून आमचा प्रश्न नव्वद टक्के सुटला. उरलेला दहा टक्के पावसाळ्यात दिसला. झड आत येते म्हणून खिडकी बंद, दार बंद, चिमणी पूर्ण वेगात. चिमणी खोलीतली हवा बाहेर फेकते, पण तेवढीच हवा आत यायला वाट नाही. पंधरा-वीस मिनिटांत ज्योत पुन्हा पिवळसर. एक दिवस पुरणपोळ्यांच्या वेळी माझं डोकं जड झालं. मी ते उकाड्यावर ढकललं होतं. नंतर लक्षात आलं की अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो, आणि त्याला ना रंग ना वास. बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावतात ती याच वायूने.

आता झड उलट्या बाजूने असेल तर खिडकी, नाहीतर ड्राय बाल्कनीचं दार चार बोटं उघडं ठेवतो आणि चिमणी मधल्या वेगावर. तीन बर्नरवर तासभर स्वयंपाक केला तरी ज्योत निळी राहते. खिडकीच्या वरच्या पट्टीत कायमची जाळी बसवायची आहे, सोसायटीची परवानगी अजून आलेली नाही. तोवर सासूबाई तळण काढलं की ट्रॉली अर्धी उघडी ठेवतात, आणि मी ती पायाने ढकलत नाही.